एका पोरीचा ठावठिकाणा

गेल्या बैठकीत भांडण झालं. महामारीवरच्या अंकात पंडिता रमाबाईंचं १८९७ सालचं पत्र घ्यावं, असं मी सुचवलं आणि अर्धे दोस्त अंगावर आले. एक म्हणाला, ती बामणीण. दुसरा म्हणाला, बामणीण होती ते एकवेळ चालेल, पण ती ख्रिस्ती झालेली, मिशनच्या पैशावर चाललेली. तिसरा स्वतः मिशनच्या चाळीत वाढलेला. तो म्हणाला, आमच्या पाळकसाहेबांनी बाईचं नाव शंभरदा घेतलं असेल, पण सरकारविरुद्ध तिनं असं काही लिहिलं, हे कधी बोलले नाहीत. मग हे पत्र खरं कशावरून? पहिल्या दोघांना मी उत्तर दिलं असतं. या तिसऱ्यानं माझी बोलती बंद केली. म्हणून हे लिहितोय.

आधी पत्राची हकिगत सांगतो, कारण भांडणाऱ्यांपैकी कुणीच ती नीट ऐकून घेतली नव्हती.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग सापडला. तो ओळखणारा डॉक्टर अकासिओ व्हिएगस हा गोव्याचा माणूस. पुढच्या फेब्रुवारीत, ४ तारखेला, सरकारनं साथीच्या रोगांचा कायदा केला. वाचा कधीतरी हा कायदा. मूळचा चार कलमांचा होता, पानभर. पहिलं कलम नावाचं. दुसऱ्यात सरकारनं वाटेल ते नियम करावेत. तिसऱ्यात नियम मोडणाऱ्याला शिक्षा. चौथ्यात, या कायद्याखाली सद्‌भावनेनं केलेल्या कामाबद्दल कुणावर दावा लावता येणार नाही. संपला कायदा. आजाऱ्याला काय मिळावं, त्याच्या बायकापोरांचं काय व्हावं, यावर अक्षर नाही. मी समीक्षक म्हणून सांगतो, इतकी काटकसर आपल्या कवींनाही जमत नाही.

या कायद्याच्या जोरावर पुण्यात वॉल्टर रँडची प्लेग कमिटी बसली. मेजर पॅजेटच्या हाताखाली ८९३ शिपाई-अधिकारी, गोरे नि देशी दोन्ही, नेमले. १३ मार्चपासून १९ मेपर्यंत घरं तपासली, माणसं इस्पितळात नि छावण्यांत नेली, सामान जाळलं. या धामधुमीत रमाबाईंच्या सदनातल्या एका मुलीला सरकारी प्लेग इस्पितळात नेलं. ती पोर सदनात परत आली नाही. तिथल्या बेबंद कारभारात ती गमावली गेली, हे बाईंचं गाऱ्हाणं. मे १८९७ मध्ये बाईंनी ते मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात इंग्रजीत छापलं, स्वतःच्या सहीनं. बायकांना तिथं कसं ठेवतात, त्यांच्यावर देखरेख कुणाची, याचा जाब सरकारला विचारला. विलायतेत पार्लमेंटपर्यंत गोष्ट गेली. गव्हर्नर सँडहर्स्टनं उत्तर पाठवलं की हा मजकूर चुकीचा आणि दिशाभूल करणारा आहे.

तेव्हा आमच्या तिसऱ्या दोस्ताला पहिलं उत्तर हे, की गव्हर्नरला ज्याचा इन्कार करावा लागला ते पत्र होतं.

आता माझा मूळ मुद्दा. मराठी वाङ्मयात प्लेग म्हटला की रँड, आणि रँड म्हटला की चापेकर. २२ जून १८९७ ची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, राणीच्या राज्याचा हीरकमहोत्सव, गोळ्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ ला फासावर गेला. यावर लेख झाले, नाटकी भाषणं झाली, १९७९ साली ‘२२ जून १८९७’ या तारखेच्याच नावाचा सिनेमा झाला. चांगला सिनेमा आहे. माझं भांडण सिनेमाशी नाही. भांडण त्या आठवणीच्या घराशी आहे. गोरा शिपाई बूट घालून स्वयंपाकघरात शिरला, देवघर बाटवलं, बाईमाणसाला उघड्यावर तपासलं, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. खोटं नाही ते. पण ज्याच्या घराला स्वयंपाकघर वेगळं नि देवघर वेगळं, त्याचंच घर बाटतं. ज्याचं सगळं बिऱ्हाड एका खोपटात, त्याचं त्या १९ मेपर्यंत काय झालं, हे कुणी लिहून ठेवलं?

माझी आजी तिच्या आईचं सांगायची. गाठीचा ताप आला की सगळं गाव रानात जायचं, वावरात झोपड्या घालायचं. गाव ओस. मग त्या ओस गावाची राखण कुणी करायची? “आपल्याच मान्सांनी, दुसरं कोन? उंदरं मेल्याली घराघरात, आन् आपला आजा दारं राखीत बसलाय,” म्हणायची. राखणीची जोंधळ्याची पायली मिळाली का, असं मी विचारलं तर ती हसायची. हा झाला आमचा प्लेग. तो ‘केसरी’त नाही.

मुंबईची गोष्ट सरकारी कागदातच आहे. ऑक्टोबर १८९६ मध्ये म्युनिसिपालिटीनं सक्तीनं इस्पितळात न्यायचा हुकूम काढला आणि महिन्याअखेर तो सैल केला. कारणांत एक मोठं कारण हे, की हलालखोर नि बिगारी घाबरून शहर सोडून गेले तर मुंबईचा उकिरडा होईल. म्हणजे ज्याच्या सावलीचा विटाळ, तो पळाला तर साहेबाचा जीव टांगणीला. गिरणी मालकाची भीती नव्हती, शास्त्र्याची नव्हती. झाडूवाल्याची होती. असल्या वाक्यावर एक आख्खी कादंबरी उभी राहायला हवी होती. राहिली नाही.

टिळकांबद्दल न्यायानं बोलायचं तर ते पळून गेले नाहीत, पुण्यात राहिले, हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ काढण्यात पुढे होते. पण त्यांच्याच ‘केसरी’नं काही वर्षांपूर्वी शारदा सदनावर झोड उठवली होती, आणि १८९३ च्या गदारोळात रानडे-भांडारकरांनीही सदनातून अंग काढून घेतलं होतं. पुढे १८९७ च्या जुलैत गोखले विलायतेत सोजिरांच्या अत्याचारांबद्दल बोलले, परत आल्यावर पुरावा देता आला नाही, आणि माफी मागून मोकळे झाले. मी गोखल्यांना हसत नाही. त्यांना नावं सांगणारे ऐनवेळी मागे हटले असतील, नावं सांगणं सोपं नसतं. पण फरक पाहा. गोखल्यांनी सांगितलं ते ऐकीव होतं. बाईंनी लिहिलं ते घरचं होतं. एक पोर मोजून कमी होती.

इथं मी पत्राकडे वाङ्मय म्हणून पाहतो. आपल्यातले काही म्हणतील, पत्र कसलं वाङ्मय? तर मग अर्ज, कैफियत, जबानी हेही वाङ्मय नाही म्हणा, आणि आपल्या साहित्यातली अर्धी पानं फाडून टाका. सरकार त्या काळात आकड्यांनी बोलतं. इतकी घरं तपासली, इतके आजारी, इतके मयत. बाई आकड्यानं बोलत नाही. ती एका मुलीचं विचारते. शंभर मेंढरांतलं एक चुकलं तर नव्याण्णव रानात सोडून त्या एकामागं जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट ख्रिस्तानं सांगितली, हे मिशनच्या शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. दर रविवारी ती गोष्ट सांगतात, तिच्यावर गाणी म्हणतात. बाईंनी ती सरकारी दफ्तरात नेऊन ठेवली. गव्हर्नरही ख्रिस्ती, बाईही ख्रिस्ती. एकाच पुस्तकावर हात ठेवणारे दोघं. पण एक जण नव्याण्णवांचा हिशेब दाखवतोय आणि दुसरी म्हणतेय, राहिलेली एक कुठाय?

मग चर्चनं हे पत्र का मिरवलं नाही? माझं उत्तर असं. चर्चला दोन रमाबाई चालतात. एक बाटण्याआधीची विदुषी, कारण तिच्या बाटण्यानं पाद्र्यांचा जय झाला. दुसरी केडगावच्या मुक्ती सदनाची संत. मधली, भांडणारी, चालत नाही. १८८३ साली वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्याबरोबर बाई तिथल्या सिस्टरशी नि बिशपांशी वाद घालू लागली. देव मला कळेल तसा मी मानेन, तुमचा पंथ म्हणतो म्हणून नाही, आणि भटांचं जू नुकतंच उतरवलंय, पाद्र्यांचं लगेच घेणार नाही, हा तिचा सूर. प्लेगच्या साली तोच सूर गव्हर्नरपुढे निघाला. सत्तेच्या अधीन असावं ही पौलाची शिकवण पाळकांच्या फार तोंडात असते. ती सांगणाऱ्या पौलालाच त्या सत्तेनं पुढं कैदेत टाकलं, हे जरा हळू सांगतात.

जोतीबांना मात्र ही बाई कळली होती. तिच्या धर्मांतरावरून सगळं पुणं खवळलं तेव्हा १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांनी तिची बाजू घेतली. हे पहिल्या दोघा दोस्तांसाठी.

पण म्हणून मी बाईला डोक्यावर घेऊन नाचणार नाही. तिचं इंग्रजी पुस्तक, १८८७ चं, नावापासूनच उच्चजातीय हिंदू स्त्रीबद्दल आहे. शारदा सदन काढलं ते मुख्यतः वरच्या जातींच्या विधवांसाठी, आणि तिथं सोवळं-ओवळं, बामणाच्या हातचा स्वयंपाक हे सांभाळलं जाई. ख्रिस्ती झालेली बाई, आणि चुलीपाशी जात जशीच्या तशी! महारवाड्यातल्या पोरीला त्या सदनाचा दरवाजा पहिल्या दिवशी उघडा नव्हता. तो उघडला दुष्काळानं. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेली आणि भुकेल्या पोरीबाळी उचलून आणल्या, तेव्हा जात विचारायला सवड राहिली नाही. प्लेगच्या बंदोबस्तामुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर नेल्या. त्या माळावर बाईचं ख्रिस्तीपण पिकलं, विलायतेत नव्हे, असं मला वाटतं. शिवाय ज्या सरकारवर ती तुटून पडली त्याच्या परवानगीवरच तिच्या शेकडो मुलींचा निवारा अवलंबून होता. गप्प बसायला तिच्याकडे हे भक्कम कारण होतं. तिनं ते वापरलं नाही.

आणि त्याच साली, त्याच पुण्याच्या कडेला, दुसरी बाई. सावित्रीमाय. हडपसरजवळ सासण्यांच्या माळावर यशवंत डॉक्टरचा दवाखाना. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर तिनं पाठीवर घेऊन तिथवर आणलं, आणि स्वतः आजारी पडली. १० मार्च १८९७ ला गेली. रँडचे शिपाई पुण्यात फिरायला लागले त्याच्या तीन दिवस आधी. ती ख्रिस्ती नव्हती. मिशनच्या बायांकडून मास्तरकी शिकली, त्यांच्यातली झाली नाही. सरकारचा हुकूमही तिला नव्हता. २२ जूनचा सिनेमा होतो, १० मार्चचा होत नाही. पाठीवर पोर घेऊन चालणारी साठी उलटलेली बाई पडद्यावर फार वेळ चालत राहील, प्रेक्षक कंटाळतील.

तर १८९७ च्या त्या चार कलमी कायद्याचं पुढं काय झालं? इंग्रज गेला, कायदा राहिला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं करोनासाठी तोच बाहेर काढला. देवळं, मशिदी, विहारं, चर्च सगळं बंद झालं.

माझी एक मावशी नगरकडच्या मिशनातली. तिच्या आजोबांनी गाव सोडून येशू धरला, कारण मिशनच्या विहिरीवर पाणी भरता यायचं. करोनात उपासना मोबाईलवर सुरू झाली तर मावशी डोक्यावर पदर घेऊन मोबाईलसमोर बसायची. २०२१ च्या उन्हाळ्यात ती गेली. मिशनच्या दफनभूमीत चार माणसं, अंगभर प्लास्टिक घातलेली. पाळकसाहेबांनी फाटकाबाहेरून शास्त्रपाठ वाचला. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना दम्याचा त्रास, घरात लहान लेकरं. चर्च बंद ठेवलं तेही बरोबरच केलं, गर्दी झाली असती तर आणखी दहा मावश्या गेल्या असत्या. पण खड्ड्यात उतरून मावशीला खाली घेतलं ते चौघं कोण? कंत्राटी सफाई कामगार. त्यातला एक आमच्या नात्यातला निघाला, बौद्ध. प्लास्टिकमधून त्यानं मला ओळखलं, मी त्याला नाही. नंतर म्हणाला, “दादा, त्या दिवशी सहावी होती ती.” धर्म बदलून आम्ही दोन वाटांनी गेलो, मावशीकडचे चर्चमध्ये, आम्ही विहारात. मढं उचलायचं काम मात्र जिथं होतं तिथंच राहिलं.

तेव्हा चर्च उघडं ठेवावं की बंद, हा मला विश्वासाचा प्रश्न वाटतच नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्याकडे आलेल्या एका लेखात अमेरिकेतल्या चर्चवाल्यांचं ‘बंड’ म्हणून कौतुक केलंय. तिकडं ब्रुकलिनच्या कॅथलिक धर्मप्रांतानं न्यूयॉर्कच्या गव्हर्नरवर दावा लावला. जास्त साथीच्या भागात एका चर्चमध्ये १० माणसं, त्याखालच्या भागात २५, अशी मर्यादा होती. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी ती रोखली. असेल कायद्याचा मुद्दा. दुकानांना सवलत नि प्रार्थनेला नाही, हे टोचणं मी समजू शकतो. पण हे भांडण स्वतःच्या बाकांसाठी होतं. मला दहाऐवजी दोनशे बसवू द्या. रमाबाईंनी सदनातल्या प्रार्थनेचा हक्क मागितला नव्हता. लेखक मित्रानं ही दोन भांडणं एका दावणीला बांधलीत, ती सोडवावीत.

बाईंच्या भांडणाशी ज्याचं नातं लागतं ते नाव दुसरं आहे आणि ते थेट आपल्या भीमा कोरेगावपाशी येतं. स्टॅन स्वामी. जेझुइट पाद्री, तामिळनाडूचा जन्म, हयात घालवली झारखंडच्या आदिवासींत. विनाखटला तुरुंगात सडणाऱ्या आदिवासी पोरांची बाजू त्यानं घेतली होती. म्हणजे याचाही सवाल तोच, आमची माणसं कुठं ठेवलीत? एल्गार परिषदेच्या खटल्यात ८ ऑक्टोबर २०२० ला, ऐन करोनात, एनआयएनं त्याला अटक केली. वय ८३. मी भीमा कोरेगावला कधी गेलोच नाही, असं तो सांगत राहिला. तळोजाच्या तुरुंगात ठेवलं. हात कापायचे, पेला धरता येईना, म्हणून प्यायला नळी नि सिपर मागितला, तर उत्तराला वीस दिवस. साथीचं कारण सांगून जामीन मागितला, तर हा साथीचा गैरफायदा घेतोय, अशी तपास यंत्रणेची भूमिका. मे २०२१ मध्ये हायकोर्टासमोर पडद्यावर आला आणि म्हणाला, सरकारी इस्पितळात नको, माझ्या माणसांत जाऊ द्या. शेवटी वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात हलवलं, तिथं करोना निघाला. ५ जुलै २०२१ ला, जामिनाची सुनावणी चालू असतानाच, तो गेल्याचं डॉक्टरांनी कोर्टाला सांगितलं. खटला उभाच राहिला नाही, आरोप सिद्ध व्हायचा प्रश्नच आला नाही. जेझुइट त्याच्या पाठीशी राहिले, हे नोंदवलं पाहिजे, सगळं चर्च गप्प होतं असं म्हणणं खोटं होईल. पण आमच्या मिशनच्या चाळीतल्या दोस्ताला मी विचारलं, तुमच्या उपासनेत त्याच्यासाठी प्रार्थना झाली का? तो म्हणाला, तो कॅथलिक ना, आमचा नाही.

बामणीण म्हणून आपली नाही, ख्रिस्ती म्हणून आपली नाही, कॅथलिक म्हणून आमचा नाही. या हिशेबानं महारवाड्यातलं ते पोर सावित्रीमायचं तरी कोण लागत होतं?

पत्राचा मराठी तर्जुमा मी करायला घेतलाय. बाईंनी पुढं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं, १९२२ साली मरेपर्यंत तेच करत होत्या, तेव्हा तर्जुमाही तसाच साधा हवा. माझं इंग्रजी कच्चं आहे. मिशनच्या चाळीतल्या दोस्ताचं बरं आहे, त्यानं बसावं माझ्याशेजारी. नाही बसला तरी पत्र अंकात जाणार. ज्यांचा विरोध आहे त्यांनी विरोध लिहून द्यावा, तोही शेजारच्या पानावर छापू. बैठक रविवारी, नेहमीच्या जागी, दुपारी तीनला. चहाचे पैसे मागच्या वेळचे बाकी आहेत.